फाळाने दिलेली साक्ष

आंबिवलीजवळच्या मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळला. अशा गावाला उद्योगांच्या ध्येयनिष्ठेविषयीची भाषणे पोकळ वाटली, तर नवल नाही. उद्योजकाच्या शब्दाला मोल कशाने येते? या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात शोधावे लागते.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंग ओळखण्यातील दोषामुळे तो मार्ग खुंटला. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक झाले. तेथे बढती डावलली जाताच त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावी सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले.

१९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर बाजारात आणला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ही शंका केवळ अडाणीपणाची म्हणता येणार नाही. मालाची खरी माहिती विकणाऱ्यापाशी असते, धोका मात्र घेणाऱ्याच्या पदरी पडतो. एक हंगाम बुडाला की कुणब्याला सावकाराचे दार गाठावे लागे. असा संशय जाहिरातीने फिटत नाही. शेजाऱ्याच्या शेतात खोल उतरलेला फाळच तो फेडू शकतो.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या अधिपतींनी दिलेल्या आश्रयामुळे १९१० साली कुंडल रोड स्थानकानजीकच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. समाजाने गुन्हेगार ठरविलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी राखणीचे काम विश्वासाने सोपविले.

याच वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याची वार्ता देणारे हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली स्वावलंबनाचा व सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणारे मासिक बनले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. मालाचा प्रचार आणि मतांचा प्रचार येथे एकत्र नांदत होते, हे खरे. तथापि छापील मताची पडताळणी पाहण्यास वाडीची वेस सर्वांना खुली होती. कृती आधी झाली, अक्षरे मागाहून आली. हा क्रमच त्या शब्दांचे खरे भांडवल होय. ताळेबंदात मात्र ते कधी दिसत नाही.

लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले. त्यांचे गुणगान करताना एक भान राखले पाहिजे. मालकाचा सद्‌गुण हा कामगाराच्या कायदेशीर हक्काला पर्याय ठरू शकत नाही. चांगला मालक एका पिढीपुरता लाभतो, वेतनाची व निवृत्तीच्या देण्यांची हमी मात्र पुढेही लागते. म्हणून नव्या उद्योजकाने मूल्यांची भाषा अवश्य बोलावी. परंतु तत्पूर्वी हजेरीपट आणि देण्यांची वही लोकांपुढे उघडी ठेवावी. मोहन्यासारख्या गावाला दुसरी कोणतीही साक्ष पटणार नाही.