कै. वसंतराव देशपांडे

आमच्या कुरुळीवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता अहोरात्र जागा असतो. मालमोटारींची रांग तुटत नाही आणि चाकणच्या कारखान्यांतील पाळी सुटली की त्या गर्दीत कामगारांच्या गाड्यांची भर पडते. अशा गलबल्यात अभिजात संगीतास जागा कोठून असणार, असे कोणासही वाटावे. परंतु आमच्या स्नेहसंमेलनात इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने ‘कट्यार काळजात घुसली’ यातील एक पद म्हटले. पद अवघड आणि त्यातील ताना त्याहून अवघड, पण मुलाने ते हिमतीने तडीस नेले. हे पद मूळ कोणाचे, असे विचारता त्याने चित्रपटाचे नाव सांगितले. पहिली पाळी संपवून परस्पर गणवेशातच आलेले एक पालक शेजारी उभे होते. ते मूळचे मुर्तिजापूरकडील. त्यांनी हसतमुखाने सांगितले की चित्रपट तर परवाचा, पद पन्नास वर्षांचे, आणि ते प्रथम गाणारा पुरुष आपल्याच गावात जन्मला. मुलास ते नाव ठाऊक नव्हते. त्या मुलासाठी, आणि त्याच्यासारख्या इतरांसाठी, हे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी वऱ्हाडातील मुर्तिजापूर येथे झाला. त्यांचे बालपण मात्र नागपुरास गेले व आईने त्यांस तेथे कष्टाने वाढविले. गळा उपजतच गोड होता. भालजी पेंढारकरांनी या मुलास हेरून ‘कालिया मर्दन’ या बोलपटात कृष्णाची भूमिका दिली. तो बोलपट १९३५ साली पडद्यावर आला. पुष्कळ बालनटांचे आयुष्य अशा एका यशातच संपते. वसंतरावांचे तसे झाले नाही, याचे कारण नागपुरात त्यांस शंकरराव सप्रे यांच्यासारखे गुरू लाभले. पुढे सी. रामचंद्र या नावाने संगीत दिग्दर्शक म्हणून प्रसिद्धीस आलेले राम चितळकर हेही सप्र्यांपाशीच शिकत होते. एकाच ओट्यावर बसून शिकलेल्या या दोन मुलांच्या वाटा पुढे किती निराळ्या झाल्या, हे पाहिले म्हणजे मौज वाटते.

सप्रे ग्वाल्हेर परंपरेचे. विद्यार्थिमित्रहो, येथे घराणे म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. जशी प्रत्येक गावच्या विहिरीच्या पाण्याची चव निराळी, तशी गाण्याच्या प्रत्येक घराण्याची रीत निराळी असते. ग्वाल्हेरची गायकी सरळ आणि रेखीव, किराण्याची एकेका स्वरावर रेंगाळणारी, पतियाळ्याची चपळ व नखरेल, तर भेंडीबाजारची सरगमांनी नटलेली. पूर्वी शिष्याने एका विहिरीचे पाणी प्यावयास प्रारंभ केला की दुसरीकडे ओंजळ पुढे करणे हा जवळजवळ अपराध समजला जाई. वसंतरावांनी हा अपराध एकदा नव्हे, अनेकदा केला. लाहोरास त्यांनी पतियाळा घराण्याच्या असदअली खाँसाहेबांपाशी शिक्षण घेतले. किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमानअली खाँ व अंजनीबाई मालपेकर, तसेच रामकृष्णबुवा वझे, या सर्वांपाशी जे मिळेल ते त्यांनी वेचले. आणि या सर्वांहून अधिक मोहिनी त्यांच्यावर पडली ती मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गाण्याची. दीनानाथांची ती विजेसारखी तान आणि ऐकणाऱ्यास चकवा देऊन भलत्याच जागी उतरण्याची धिटाई वसंतरावांच्या मनात कायमची घर करून बसली.

लाहोरच्या शिक्षणाविषयी असे सांगतात की खाँसाहेबांनी त्यांस प्रामुख्याने एक मारवा रागच घोटून दिला. एकच राग शिकविला म्हणजे काय शिकविले, अशी शंका येईल. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग. त्यात पंचम स्वर वर्ज्य, रिषभ कोमल, आणि षड्ज, जो इतर रागांत गायकाचे हक्काचे घर असतो, त्यावर सुखाने विसावण्यास येथे फारशी मुभा नाही. गायकाने घराभोवती घिरट्या घालावयाच्या, उंबरठ्यास पाय लावावयाचा, पण आत बसावयाचे नाही. ज्यास हे साधले, त्याचा गळा इतर रागांत अडखळत नाही.

इतक्या ठिकाणांहून विद्या मिळविलेल्या गायकास पुढे मैफलींची रांग लागली असेल, असा तर्क चुकीचा ठरेल. पोट हे विद्येहून बलवत्तर. वसंतरावांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी पत्करली व ती पुण्यास वीस वर्षांहून अधिक काळ केली. दिवसा आकड्यांच्या वह्या आणि रात्री तंबोरा, असा तो क्रम होता. आमच्या पालकवर्गात कारखान्यांच्या हिशेब विभागांत काम करणारे पुष्कळ आहेत. महिनाअखेरीस त्या कामाने डोके कसे शिणते हे त्यांस निराळे सांगावयास नको. तशा शिणलेल्या डोक्याने ख्याल मांडणे म्हणजे काय, याची कल्पना त्यांनीच करावी.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. जाणकार म्हणविणारे लोक विचारीत की यांचे घराणे कोणते. एका घराण्याचा शिक्का नसलेल्या गायकास मोठ्या मैफलीत बसविण्यास मने कचरत. वसंतरावांनी यावर आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. त्यात अभिमान आहे. परंतु त्यात थोडी वेदनाही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्याने इतक्या गुरूंच्या पायांशी बसून विद्या घेतली, त्यास आपण कोणाचेच नाही असे ऐकावे लागले. पु. ल. देशपांडे व भीमसेन जोशी हे त्यांचे स्नेही या काळात त्यांच्या पाठीशी राहिले, आणि पुलंनी तर वसंतरावांचे गाणे लोकांपुढे आणण्याची एकही संधी दवडली नाही. अखेरीस नोकरीत त्यांची बदली दूर ईशान्य सीमेवरील नेफा प्रांतात झाली. तेथे ना मैफल, ना श्रोता. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडून गाण्यासच वाहून घेतले.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे भाग्य उदयास आले. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांची. प्रसाद सावकार, भार्गवराम आचरेकर व फैय्याज हेही त्यात होते. नाटकाचा विषय पाहा. दरबारी गायकाच्या पदासाठी दोन गायकांत स्पर्धा. खाँसाहेब आपले घराणे भुजंग जसा धन राखतो तसे राखतात, आणि सदाशिव नावाचा तरुण त्यांच्याच घरी राहून ती विद्या चोरून ऐकतो व शिकतो. आता दैवाचा विनोद असा की घराण्याच्या दारास कुलूप घालणाऱ्या या खाँसाहेबांची भूमिका ज्याने केली, तो स्वतः आयुष्यभर निरनिराळ्या दारांशी विद्येसाठी उभा राहिलेला होता. सदाशिवाची तहान त्यास जितकी ठाऊक, तितकी दुसऱ्या कोणास असणार? म्हणूनच की काय, त्यांचा खाँसाहेब केवळ दुष्ट वाटत नाही. त्याच्या रागात भीती दिसते.

या नाटकातील एकच पद अभिषेकींनी दोन चालींत बांधले. एक चाल पंडितजींच्या गायकीची व दुसरी खाँसाहेबांची. शब्द तेच, पण एक चाल शांत नदीसारखी, तर दुसरी कड्यावरून उडी घेणारी. घराणे म्हणजे काय याचा इतका सोपा पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळणार नाही. मुलांनी दोन्ही चाली लागोपाठ ऐकून पाहाव्यात.

यानंतरचे दशक वसंतरावांचे म्हणावयास हरकत नाही. १९७० साली ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटात त्यांनी सुधीर फडके यांच्यासह गायिलेले ग. दि. माडगूळकरांचे विठ्ठलाचे गीत घरोघरी पोहोचले. आळंदी येथून जवळ असल्यामुळे आषाढात हे गीत आपल्या कानी पडल्यावाचून राहत नाही, परंतु त्यातील एक आवाज वसंतरावांचा आहे हे किती जणांस माहीत असेल? वा. रा. कांतांच्या कवितेस श्रीनिवास खळे यांनी दिलेल्या चालीवर त्यांनी गायिलेले भावगीतही असेच लोकप्रिय झाले. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटात त्यांनी नायिकेच्या पित्याचे काम केले, आणि मुलीची पाठवणी करताना गायिलेल्या त्यांच्या गीताने लग्नघरांतील डोळे आजही ओले होतात. ख्याल, ठुमरी, गझल, लावणी, नाट्यपद, भावगीत यांपैकी कशासही त्यांनी हलके मानले नाही. मराठी नाट्यसंगीताचा प्रवास ते व्याख्यान देत आणि गाऊन दाखवीत उलगडीत. बालगंधर्वांची लडिवाळ रीत आणि दीनानाथांची तडफ ते क्षणार्धात समोर उभी करीत, आणि पुढच्याच क्षणी स्वतःच्या वाटेस लागत.

१९८२ साली त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेसष्ट. नागपुरातील एका मोठ्या सभागृहास आज त्यांचे नाव आहे.

येथे सामान्यतः चरित्र संपते; पण या चरित्रास एक उत्तरार्ध आहे आणि तो अद्याप चालू आहे. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे हे १९७९ साली जन्मले. आजोबा गेले तेव्हा ते चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे समोर बसून शिकणे घडलेच नाही. त्यांनी निरनिराळ्या गुरूंपाशी शिक्षण घेतले, आणि आजोबांचे गाणे ध्वनिमुद्रणांतून ऐकले. २०१० साली ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा खाँसाहेबांची भूमिका या नातवाने केली. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांच्या तोंडची गाणी त्यांच्याच आवाजात आहेत. आमच्या नववीतील मुलाने ऐकलेला आवाज तोच. त्यानंतर १ एप्रिल २०२२ रोजी निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केली, गायन केले व संगीतही स्वतः दिले. त्याची गीतमाला २२ गीतांची आहे आणि त्यातील गायनासाठी त्यांस राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

या गीतमालेकडे पाहताना एक प्रश्न मनात उभा राहतो. ज्या गायकाने आयुष्यभर कोणाची नक्कल केली नाही, त्यास वंदन कसे करावे? त्याची नक्कल करावी, तर त्याच्या स्वभावाचा भंग होतो. न करावी, तर लोक म्हणणार की हे वसंतरावांचे गाणे नव्हेच. राहुल देशपांडे यांनी यातून काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. त्यांनी जुनी पदे पुन्हा गाऊन पोथी भरली नाही. पुष्कळशा चाली नव्याने बांधल्या. नाट्यपदाच्या धर्तीचे गीत नवे आहे, लावणी नवी आहे, आणि गाणारेही अनेक आहेत. आजोबांचा मागोवा आहे तो जागांच्या निवडीत: तान कोठे मोडावयाची, शब्द कोठे फेकावयाचा, आणि श्रोता समेची वाट पाहत असता त्यास कसे चकवावयाचे, यात.

तरीही एक भेद राहतोच. जुन्या काळी गायक, तबला, पेटी सारे एका दालनात एकदम वाजे व मुद्रित होई. तीन मिनिटांच्या तबकडीत पद बसवावे लागे, आणि मोठी तबकडी आली तरी एका बाजूस वीस-बावीस मिनिटेच. मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत तर खोकला, वाहवा, तंबोरा जुळविण्याचा आवाज, सर्वच आहे. आज प्रत्येक वाद्य निराळे मुद्रित करून मागाहून जुळविता येते. त्यामुळे नव्या गीतमालेचा आवाज आरशासारखा स्वच्छ आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांत वसंतराव एखाद्या तानेत इतके पुढे जातात की हे परत येणार कसे, अशी धास्ती तबलजीसही वाटली असावी. ती धास्ती स्वच्छ आवाजात थोडी उणी पडते, असे माझे मत आहे. मुर्तिजापूरकडील त्या पालकांचे मत याहून कडक निघाले. मूळ ते मूळ, बाकी सर्व छाया, असे त्यांचे म्हणणे. नववीतील मुलगा यास कबूल नव्हता. नातवाच्या गाण्यावाचून आपणास आजोबांचे नावही कळले नसते, हा त्याचा बिनतोड मुद्दा होता, आणि त्यावर त्या पालकांस उत्तर सुचले नाही.

वाद मिटला नाही. पालकांनी त्या मुलाच्या घरच्या मोबाईलवर वसंतरावांच्या मारव्याचे एक जुने ध्वनिमुद्रण पाठवून दिले. पंधरा दिवसांनी मुलगा मजकडे आला. नातवाची गीते बाजूस ठेवून तो सध्या संध्याकाळी मारवाच ऐकतो, असे त्याने सांगितले. त्यास एकच अडचण होती: गायक घराच्या इतक्या जवळ येऊनही आत का जात नाही, हे त्यास समजावून हवे होते. मी त्यास पेटी काढावयास सांगितले.