मातीतल्या जिवाणूला पिंपरीचं नाव देणारे डॉ. तिरुमलाचार

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना भुरी हा रोग वेगळा सांगावा लागत नाही. पानांवर, घडांवर राखेसारखी पांढरी बुरशी चढली की हंगाम धोक्यात! द्राक्षावरच्या अशा बुरशीजन्य रोगांसाठी वापरलं गेलेलं एक औषध म्हणजे ऑरिओफंगिन. ते मातीतला एक जिवाणू तयार करतो. हे औषध शोधलं पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने.

तिरुमलाचार यांचा जन्म 22 सप्टेंबर 1914 चा. ते मुळात बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवरचा तांबेरा आणि काणी हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. बी. बी. मुंडकूर यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या काणी रोगाच्या बुरशींवर लिहिलेला ग्रंथ 1952 मध्ये आला. पुढे पिंपरीत ते संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्याचं मुख्य काम पेनिसिलीन बनवणं होतं. पण पेनिसिलीनसारखी औषधं शरीरातले उपयोगी जिवाणूही मारतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत कधी कधी बुरशी फोफावते. तिच्यावर पेनिसिलीनचा काहीच परिणाम होत नाही. होणार तरी कसा? पेनिसिलीन मुळात बुरशीनेच बनवलेलं!

मग बुरशीला कोण मारणार? मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास बऱ्याच अंशी यांच्यामुळेच. अन्न संपत आलं की हे जिवाणू बीजाणू धरू लागतात आणि साधारण त्याच सुमारास प्रतिजैविकंही बनवतात. आसपासच्या स्पर्धकांना रोखण्यासाठी ती कामी येत असावीत, असं मानलं जातं.

अशाच एका जिवाणूपासून 1960 च्या सुमारास तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन मिळवलं. औषधाच्या नावात हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरं आली आणि जिवाणूचं नाव ठेवलं गेलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचं नाव असं विज्ञानात गेलं.

हॅमायसिन बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाला चिकटतं. आवरणाला गळती लागते आणि पेशी मरते. जिवाणूच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसतं, म्हणून ते बनवणारा स्वतः सुरक्षित राहतो. माणसाच्या पेशीत मात्र त्याच्या जवळचं कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे बुरशी मारायची आणि रोग्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे गणित अवघड. या कुळातली औषधं पोटातून देण्यापेक्षा त्वचेवर लावणं त्या मानाने सोपं पडलं.

डर्मोस्टॅटिन आणि अँटिअमीबिन ही औषधंही त्यांच्याच कामातून आली. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळालेल्या तिरुमलाचार यांचं निधन 21 एप्रिल 1999 रोजी झालं.