हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट

नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. याच महिन्यात 22 तारखेला संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण येतो. या दोन्ही निमित्तांनी आज एका ख्रिस्ती वादकाची ओळख करून घेऊ. त्याचे वाजवणे आपल्यापैकी बहुतेकांनी रेडिओवर ऐकलेले आहे. त्याचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

आंतोनियो झेवियर वाझ यांचा जन्म 1916 साली गोव्यातील बार्देश तालुक्यात हळदोणे गावी झाला. नदीकाठचे संत थोमस चर्च हे या गावाचे भूषण. ते 1596 सालचे. त्या काळी गोव्यातील चर्चला जोडून संगीताची शाळा असे. तेथील शिक्षकाला मेस्त्र म्हणत. मुलांना आधी स्वरलिपी वाचायला शिकवायची आणि मगच हातात वाद्य द्यायचे, अशी मेस्त्रची शिस्त. मिस्सेतील गायन, सणाची मिरवणूक, अंत्यविधी या सर्वांसाठी वादक तयार होत ते याच शाळेत. आंतोनियोचे पहिले धडेही धर्मग्रामाच्या अशाच शाळेत झाले.

मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे मानाने कमवावेत, अशी आईची इच्छा होती. मुलाचे मन मात्र ट्रम्पेटमध्ये गुंतले होते. अमेरिकेतील थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श होता.

त्या पिढीतील अनेक गोवेकरांप्रमाणे तोही मुंबईला आला. आपल्या महाड-पोलादपूरवरून गोव्याला जाणारा आजचा महामार्ग तेव्हा नव्हता. गोवेकर बोटीने किंवा लोंढ्यामार्गे रेल्वेने मुंबई गाठत. धोबीतलाव परिसरात त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ होत्या. आपल्या भागातील चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या असत, तशीच ही सोय. कूडमध्ये आल्तार असे आणि संध्याकाळी सगळे मिळून रोजरी म्हणत.

मुंबईत तेव्हा जॅझचे वारे वाहत होते. 1935 साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचे पथक ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. जॅझ म्हणजे काय, हे आपल्याला भजनावरून समजेल. भजनात बुवा एकच चाल दर वेळी वेगळी फिरवतात आणि पखवाजवाला त्यांना सांभाळून घेतो. जॅझमध्येही एक वादक धून फुलवतो, इतर त्याला आधार देतात आणि मग दुसऱ्याची पाळी येते. आपली पाळी संपली की मागे सरून दुसऱ्याला वाव द्यावा लागतो. हे ज्याला जमत नाही, त्याचे अशा पथकात निभत नाही.

आंतोनियोने ‘चिक चॉकलेट’ हे नाव घेतले. आर्मस्ट्राँगसारखे वाजवणे आणि तसाच घोगरा आवाज लावून गाणे यामुळे लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पुढे त्याने स्वतःचे ‘म्युझिक मेकर्स’ हे पथक उभे केले. 1945 च्या सुमारास या अकरा जणांच्या पथकाने इतर पथकांना मागे टाकून ताजमधील काम मिळवले. वाद्ये परदेशी आणि चालीही परदेशी, पण वाजवणारे आपल्याच किनाऱ्यावरचे होते.

स्वातंत्र्यानंतर दिवस पालटले. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला. हॉटेलातील नृत्याच्या रात्री रोडावल्या आणि वादकांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्याच वेळी हिंदी चित्रपटांना मोठा वाद्यवृंद हवा होता. आपल्या संगीत दिग्दर्शकांकडे चालींचे भांडार होते. परंतु वीस-तीस वाद्यांसाठी कागदावर स्वर लिहून देणारी आणि ते पाहताक्षणी वाजवणारी माणसे हवी होती. मेस्त्रच्या शाळेतील शिस्त येथे कामी आली. त्या काळी सगळे एकत्र बसून वाजवत आणि ध्वनिमुद्रण होत असे. एकाचा स्वर चुकला तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिकने पुष्कळ काम केले. भगवानदादांचा 1951 चा ‘अलबेला’ हा चित्रपट आजही लोकांना आवडतो. त्यात एका गाण्यात चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावर दिसतात. त्याच वर्षी आलेल्या ‘नादान’ चित्रपटाला त्याने स्वतः संगीत दिले. पुढे मदन मोहन यांचाही तो सहायक होता. 1966 च्या ‘आखरी खत’मधील नाइट क्लबच्या गाण्यात तो ट्रम्पेट वाजवताना दिसतो. पुढच्याच वर्षी, मे 1967 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी त्याचे निधन झाले.

चिकचे नाव निदान शिल्लक राहिले. त्याच्यासारखे शेकडो गोवेकर ख्रिस्ती वादक रोज सकाळी स्टुडिओत जात, दिवसभर वाजवत आणि मजुरी घेऊन घरी येत. तबकडीवर गायकाचे आणि संगीत दिग्दर्शकाचे नाव छापले जाई, वादकांचे नव्हे. ज्या गाण्यांवर सारा देश डोलला, त्यांतील त्यांचा वाटा घरच्यांखेरीज फारसा कोणाला कळला नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात धन्याने चाकरांच्या हाती धन सोपवल्याचा दाखला आहे. हळदोण्याच्या धर्मग्रामाने एका मुलाच्या हाती स्वरांचे धन दिले. त्याने ते जमिनीत पुरले नाही. ते हॉटेलात गेले, स्टुडिओत गेले आणि शेवटी नाते-महाडच्या लग्नघरांतील लाउडस्पीकरपर्यंत येऊन पोहोचले. मुलांना शिकवताना मेस्त्रला याची कल्पनाही नसेल.

आपल्या गायनवृंदाची अडचण आपण जाणतो. मोठी मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुणे-मुंबईला जातात आणि दर काही वर्षांनी वृंद नव्याने बांधावा लागतो. म्हणून शिकवणे थांबवायचे का? हळदोण्याची मुलेही गाव सोडूनच गेली होती, तरी तिथल्या मेस्त्रने शाळा बंद केली नाही. पालकांनो, आपल्या मुलांना सरावाला पाठवा. ज्यांना कीबोर्ड, गिटार किंवा तबला येतो, त्यांनी मिस्सेनंतर अर्धा तास मुलांसाठी द्यावा.

आणि या महिन्यात मृतांसाठी प्रार्थना करताना, आपल्या चर्चमध्ये आजवर ज्यांनी गायिले-वाजवले आणि ज्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत, त्यांचेही स्मरण करू या. प्रभू त्यांना चिरशांती देवो.