यंत्रकार लक्ष्मणराव किर्लोस्कर

उत्तम यंत्र घडविण्यास प्रथम द्रव्य लागते, असा पुष्कळांचा समज असतो. द्रव्य लागते हे खरे. परंतु त्याहून अधिक लागते ती सरळ रेषा ओळखणारी नजर व ती साधेपर्यंत न कंटाळणारा हात. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते, त्या लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांची ओळख आम्ही येथे करून देत आहो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकलेच्या आवडीमुळे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळत नाही असे आढळून आले व चित्रकार होण्याची आशा मावळली. दुसरा एखादा हताश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले व रेषा धरली. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास गेले. तेथे बंधू रामूअण्णा यांच्या साह्याने सायकलींचे दुकान चालविता चालविता ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

अशा कारखान्याचा प्राण म्हणजे लेथ. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ती आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. भांडे ठोकून घडविता येते. परंतु यंत्राचा दांडा हातोडीने अचूक गोल होत नाही. तो लेथवर दोन टोकांत धरून फिरवितात व पोलादी हत्यार त्याच्या अंगावरून सरकवितात. ही दोन टोके आणि हत्याराची वाट समांतर नसतील, तर दांडा एकीकडे जाड व दुसरीकडे बारीक निघतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम एक दांडा कातून त्याचे दोन्ही शेवट मोजतो आणि फरक दिसताच मागचे टोक किंचित सरकवून पुन्हा कातून पाहतो. या परीक्षेस लोखंडाचा एक तुकडा, मापाचे साधन व धीर इतकेच पुरते.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळील ३२ एकर निवडुंगाचे माळरान व १०,००० रुपये कर्जाऊ दिले. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहर येथे प्रत्यक्ष लेथ बनविण्याचा कारखाना काढला. ज्या यंत्राने इतर यंत्रे घडतात, तेच यंत्र आता तेथे घडू लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, साधने अपुरी आहेत म्हणून काम अडून राहत नाही. तपासण्याचा कंटाळा केला म्हणजे मात्र ते बिघडते. आपण केलेले काम दोन्ही टोकांस मोजून पाहण्याची सवय तुम्हांस लागली, तर या चरित्राचे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.