बोसपाडा गल्लीतील लेक

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी आपल्या घराघरांतून श्रीलक्ष्मीचे पूजन होते, त्याच रात्री वंगभूमीत श्रीकालीमातेची पूजा बांधली जाते. १८९८ साली कालीपूजेच्या दिवशी, १३ नोव्हेंबरला, कलकत्त्याच्या बागबाजार भागातील बोसपाडा गल्लीत मुलींची एक लहानशी शाळा सुरू झाली. श्रीरामकृष्ण परमहंसांच्या सहधर्मचारिणी श्रीशारदादेवी यांनी पूजा करून शाळेस आशीर्वाद दिला. स्वामी विवेकानंद त्या वेळी उपस्थित होते. शाळा चालविणार होत्या सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एक आयरिश विदुषी. दीपावलीच्या या मंगल पर्वात भगिनी निवेदितांचे स्मरण करावे, असे आम्हांस म्हणूनच वाटते.

त्यांचे मूळ नाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल. जन्म २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधील डंगॅनन येथे झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते लवकरच निवर्तले. सतराव्या वर्षीच मार्गारेट शिक्षिका झाल्या व पुढे विम्बल्डन येथे त्यांनी स्वतःची शाळा काढली. १८९५ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये त्यांना स्वामीजींचे दर्शन घडले. भारतात स्त्रीशिक्षणाचे कार्य करण्याची इच्छा त्यांनी प्रकट केली, तेव्हा स्वामीजींनी येथील उन्हाळा, दारिद्र्य, स्पृश्यास्पृश्यतेची बंधने आणि गोऱ्यांकडून होणारा उपहास यांची पत्राने स्पष्ट जाणीव दिली. तरीही त्या आल्या. २८ जानेवारी १८९८ रोजी त्यांनी कलकत्त्याच्या भूमीवर पाऊल ठेवले. २५ मार्चला ब्रह्मचर्यव्रताची दीक्षा मिळून त्या निवेदिता झाल्या.

दीक्षा मिळाली, पण राहावयाचे कोठे? सेवा करावयाची ती सोवळ्याओवळ्याचे कडक निर्बंध पाळणाऱ्या घरांतील लेकीसुनांची, आणि परकीय स्त्रीचा स्पर्शही त्या घरांना चालत नसे. या अडचणीत वाट मोकळी केली ती शारदादेवींनी. १७ मार्चच्या पहिल्याच भेटीत त्यांनी या परदेशी पाहुण्यांना लेकी मानले व त्यांच्यासमवेत फराळ केला. खेड्यात वाढलेल्या एका ब्राह्मण विधवेने त्या काळी असे करावे, यामागचे धैर्य आम्हांस आज सहजी कळणार नाही.

नोव्हेंबरमध्ये निवेदिता परतल्या, तेव्हा माताजींनी त्यांना आपल्याच घरात ठेवून घेतले. काही दिवसांतच निवेदितांच्या ध्यानी आले की, आपल्या वास्तव्याचा सामाजिक जाच माताजींना आणि दूर गावातील त्यांच्या आप्तांनाही होईल. हट्ट न धरता त्या त्याच गल्लीतील दुसऱ्या घरात राहावयास गेल्या. पण दुपारचा वेळ माताजींच्या सान्निध्यात जाई आणि उन्हाळ्यात तर त्यांच्याच आज्ञेवरून रात्री निजण्यासही त्या तेथे जात. वेगळी खोली नव्हे. सर्व स्त्रियांच्या ओळीत जमिनीवर अंथरलेली चटई, उशी व मच्छरदाणी एवढेच. माताजींना इंग्रजी येत नव्हते, निवेदितांची बंगाली अजून अडखळत होती. पण मायलेकींचे काही अडले नाही. त्याच महिन्यात घेतलेल्या एका छायाचित्रात दोघी एकमेकींकडे पाहत बसलेल्या दिसतात.

शाळेसाठी निवेदितांनी दारोदार फिरून मुली मागितल्या. १८९९ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा रामकृष्ण मिशनच्या सेवाकार्याची धुरा सांभाळताना त्यांनी स्वतः हाती झाडू घेऊन गल्ली झाडली. मातृहीन झालेल्या एका प्लेगग्रस्त बालकाला मांडीवर घेऊन त्या ओलसर झोपडीत बसून राहिल्या. त्याने त्यांच्याच मांडीवर प्राण सोडला. अशा सेविकेला परकी कोण म्हणणार?

४ जुलै १९०२ रोजी स्वामीजी समाधिस्थ झाले. राष्ट्रकार्यातील सहभागामुळे निवेदितांनी त्याच महिन्यात मिशनचा औपचारिक संबंध सोडला. गल्ली, शाळा आणि माताजी मात्र सुटल्या नाहीत. श्रीरामकृष्णांच्या वृद्ध शिष्या गोपालेर मा या अतिशय कर्मठ ब्राह्मण विधवा. आयुष्यभर सोवळे जपलेल्या या माउलीने आपली अखेरची वर्षे निवेदितांच्या घरी काढली. १९०६ च्या जुलैत त्यांनी गंगातीरी देह ठेवला, तोवर निवेदितांनी लेकीप्रमाणे त्यांची शुश्रूषा केली. ज्या अंगणात पूर्वी पाऊल ठेवणे कठीण होते, ते अंगणच जणू त्यांच्या घरी चालून आले.

१३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंग येथे, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, निवेदितांचे देहावसान झाले. आपले सर्वस्व त्यांनी मुलींच्या राष्ट्रीय शिक्षणासाठी बेलूर मठाच्या स्वाधीन केले होते. त्यांच्या नावाने ती शाळा आजही चालू आहे.

सेवा करण्यास निघालेल्या निवेदितांनी आधी त्या घराची लेक होणे पत्करले, आणि माताजींनी रूढीचा उंबरठा ओलांडून त्यांना जवळ घेतले. यंदा लक्ष्मीपूजनाची पणती उजळताना या मायलेकींचे स्मरण व्हावे, आणि आपल्या दारी आलेल्या परक्यालाही तिचा प्रकाश लाभावा, हीच श्रीजगदंबेच्या चरणी आमची प्रार्थना.