घाटात कोणतं इंजिन चालतं? रुडॉल्फ डिझेलची गोष्ट आणि आमची नवी पिकअप

लोणावळ्यात माझ्या मामांचं सिमेंट आणि टाइल्सचं दुकान आहे. माल पनवेलकडून येतो, म्हणजे खोपोलीपासून बोरघाट चढूनच. जुनी पिकअप थकली, नवीन घ्यायचं ठरलं आणि घरात वाद सुरू झाला. मामांना सीएनजी हवी होती, कारण किलोमीटरमागे खर्च कमी. ड्रायव्हरकाका म्हणत होते की घाटात डिझेलशिवाय काही खरं नाही. कर्ज मोठं आणि हप्ते पाच वर्षांचे. इंजिन चुकलं, तर पाच वर्षं ती चूक फेडत बसायची. मोबाइलमधलं सगळं मला कळतं असा घरात समज आहे, त्यामुळे शोधाशोध माझ्या गळ्यात पडली.

दोन रात्री मी सीसी, एचपी, एनएम, मायलेज असे आकडे वाचत बसलो. डोक्यात नुसती खिचडी झाली. मग सहज मनात आलं, की डिझेल हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, तर तो माणूस तरी कोण होता ते बघू. त्याचं आयुष्य वाचलं आणि पत्रकावरचे आकडे कसे वाचायचे, ते मला तिथे कळलं.

आधी घाटाचा हिशोब

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर उंचीवर आहे. खोपोलीपासूनचा चढ ५५० मीटर धरू. गाडी आणि माल मिळून ३ टन. एवढं वजन एवढं उंच नेण्यासाठी सुमारे साडेचार युनिट ऊर्जा लागते. तुमच्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी आठवा. तशा जवळपास २३० फुल चार्ज बॅटऱ्या लागतील.

हीच ऊर्जा डिझेलमध्ये मोजली, तर अर्ध्या लिटरपेक्षाही कमी भरते. मग टाकीतून जास्त का जातं? कारण कोणतंच इंजिन इंधनातली सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोचवत नाही. बरीचशी उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. इंजिनानं १० टक्के ऊर्जा वापरली, तर फक्त ही उंची चढायला साडेचार लिटर लागतील. ३० टक्के वापरली, तर दीड लिटर. रस्त्याचं घर्षण आणि वारा यांचा खर्च वेगळा.

रेल्वेलाही हा घाट सोपा नाही. १८६३ साली इथून गाड्या सुरू झाल्या. रुळांचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर आहे. आजही कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. पिकअपला मागून ढकलणारं कोणी नसतं.

दहा टक्क्यांचा राग आलेला मुलगा

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन, वडिलांचं चामड्याच्या वस्तूंचं काम. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत युद्ध पेटलं आणि या जर्मन कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. घरात पैशांची ओढाताण होती. शेवटी बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला ऑग्सबर्गच्या नातेवाइकांकडे पाठवलं.

पोरगा हुशार निघाला. पुढे म्युनिकला इंजिनीअरिंग शिकताना कार्ल फॉन लिंडे हे त्याचे प्राध्यापक होते. बर्फ बनवायची यंत्रं तयार करणारा हा मोठा माणूस. वाफेचं इंजिन कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम दहावा भाग कामाला लावतं, तोही नशीब चांगलं असेल तर, हे रुडॉल्फला त्यांच्या वर्गात कळलं. ही नासाडी त्याच्या डोक्यातून कधीच गेली नाही. १८८० मध्ये पास झाल्यावर तो लिंडेंच्याच बर्फाच्या धंद्यात नोकरीला लागला. पोटापाण्यासाठी थंडी बनवायची आणि डोक्यात मात्र इंजिनाची आग, असं बरीच वर्षं चाललं.

त्याची कल्पना सायकलच्या पंपानं समजते. पंपाचं तोंड बंद करून जोरात दाबा, पंप गरम होतो. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबायची, की त्यात इंधन सोडताच ते आपोआप पेटेल. ठिणगी द्यायला स्पार्क प्लग नकोच. पेट्रोल इंजिन हवा साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबतं. आजचं डिझेल इंजिन सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यात दाबतं. जास्त दाबलं की त्याच इंधनातून जास्त काम निघतं.

कागदावर सत्तर, हातात सव्वीस

१८९२ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. त्याच्या कागदी हिशोबात इंजिनाची क्षमता ७० टक्क्यांच्याही पुढे जात होती. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्यानं जागा आणि माणसं दिली. ऑगस्ट १८९३ मध्ये पहिला प्रयोग झाला. इंधन पेटलं, पण इतक्या जोरात की दाब मोजायचं उपकरणच फुटून उडालं. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या जोरावर फिरलं, तेही जेमतेम एक मिनिट. पुढची तीन वर्षं सील, झडपा आणि इंधनाचा फवारा यांच्याशी झटापट चालली. मूळ हिशोबातला प्रचंड दाब त्याला सोडून द्यावा लागला.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी एका बाहेरच्या प्राध्यापकानं इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. साधारण ३ मीटर उंच, वीसेक हॉर्सपॉवरचं ते धूड होतं. आकडा आला २६.२ टक्के. सत्तरच्या मानानं अगदीच कमी. तरी वाफेच्या इंजिनापेक्षा अडीचपट जास्त आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला. सगळीकडे नाव झालं ते याच आकड्यामुळे.

पैसा आला, पण टिकला नाही

लायसन्स विकून डिझेल श्रीमंत झाला. अमेरिकेतल्या हक्कांसाठी बिअरचे कारखानदार अडॉल्फस बुश यांनी १० लाख मार्क मोजले. पण कारखान्यात तज्ज्ञांच्या हाताखाली चालणारं इंजिन गिऱ्हाइकाकडे गेलं की कुरकुरायचं. सुरुवातीची काही इंजिनं बंद पडली, तक्रारी आल्या, पेटंटवरून भांडणं झाली. डिझेलची तब्येत ढासळली. जमिनींच्या आणि इतर व्यवहारांत पैसाही बुडाला.

इंजिन मात्र सुधारत गेलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. १९१२ मध्ये सेलंडिया हे डिझेलवर चालणारं जहाज युरोपातून थेट बँकॉकपर्यंत गेलं.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री डिझेल अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवर होता. रात्री जेवून केबिनकडे गेला, तो सकाळी कुठेच सापडला नाही. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह मिळाला. खिशातल्या वस्तू त्याच्या मुलानं ओळखल्या. मागे राहिली मोठी कर्जं. आत्महत्या, अपघात की घातपात, हे आजपर्यंत ठरलेलं नाही.

मला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. वाफेचं इंजिन फक्त मोठ्या कारखानदाराला परवडायचं. छोट्या कारागिराकडेही स्वतःचं इंजिन असावं, असं डिझेलला वाटत होतं. त्याच्या हयातीत ते झालं नाही. इंधन फवारण्यासाठी तेव्हा अवजड कॉम्प्रेसर लागायचा, तो गाडीत बसवणार कसा? ट्रकवर डिझेल इंजिन आलं ते १९२३-२४ च्या सुमारास. १९२७ पासून बॉशचे छोटे इंधन पंप मिळू लागले आणि मग ते सर्रास झालं. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवर डिझेल इंजिनाची धडधड ऐकू येऊ लागली.

मग आम्ही काय केलं?

डिझेलच्या गोष्टीतून मी एवढंच घेतलं: पत्रकावरचा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या कामाचा नसतो. आपल्या कामात मोजलेला आकडा खरा. म्हणून मामांना तीन गोष्टी सांगितल्या.

एक, एचपीआधी टॉर्क बघा, आणि तो किती आरपीएमला मिळतो तेही बघा. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर. २०० एनएम १४०० आरपीएमपासूनच मिळत असेल, तर वळणावर वेग पडला तरी गाडी दम सोडत नाही. तेवढाच टॉर्क ३००० च्या पुढे मिळणार असेल, तर सारखा गिअर पाडत बसावं लागतं.

दोन, आपल्या फेऱ्या मोजा. २०२० पासून बीएस-६ आलं आणि बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसला. तो साफ व्हायला चांगला तापावा लागतो. नुसत्या भांगरवाडी-तुंगार्ली अशा छोट्या फेऱ्या मारल्या, तर तो तुंबतो. गावातल्या गावात काम असेल, तर सीएनजीच बरी. पण सीएनजीत टाक्यांचं वजन मालातून वजा करा आणि चढाला ताकद थोडी कमी धरा.

तीन, टेस्ट ड्राइव्ह रिकामी घेऊ नका.

तिसरी गोष्ट मामांना पटली. दोन्ही गाड्यांत खोपोलीहून सिमेंटच्या ३०-३० गोण्या, म्हणजे दीड टन माल भरून आम्ही घाट चढलो. ड्रायव्हरकाका गाडीवर आणि मी शेजारी गिअर मोजत. सीएनजी चढली, पण बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. डिझेल बहुतेक चढ तिसऱ्यात चढली. आमच्या आठवड्यात घाटाच्या चार फेऱ्या होतात, त्यामुळे फिल्टरचीही काळजी नव्हती. मामांनी डिझेल घेतली.

गेल्या महिन्यात दुकानासमोर तिची पूजा झाली. मामांनी बॉनेटला हार घातला, नारळ फोडला. माझ्या मनात आलं, की छोट्या माणसाच्या हातात स्वतःचं इंजिन म्हणजे डिझेलला हेच तर हवं होतं.