रोज रात्री अंक काढणारे गुरुजी

आम्ही शारजात अल नहदाला राहतो. लेक चौथीत, सीबीएसई शाळेत. शाळेत इंग्रजी, हिंदी आणि इथल्या नियमाप्रमाणे अरबी. मराठी काय ती शनिवारच्या वर्गात. गेल्या महिन्यात वर्गाच्या ताईंनी निबंध दिला, माझी आजी. शुक्रवारी रात्री उशिरा तो आठवला. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लॅपटॉप उघडला, एआयला विषय सांगितला, मिनिटभरात निबंध तयार. लेकीने डोळे चोळत वहीत उतरवून काढला.

त्या निबंधातली आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणत होती, दारात गाय होती. आमची आई जळगावला फ्लॅटमध्ये राहते, बँकेतून रिटायर झालीय आणि तिचे गुडघे दुखतात. ताईंनी वही परत दिली तेव्हा लाल पेनाची एकही खूण नव्हती. खाली एवढंच विचारलं होतं की ही आजी कोणाची?

लाज वाटली. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी खूप हसली आणि मग साने गुरुजींवर आली. तिचं माहेर अमळनेरचं. तिकडे गुरुजी लेखक वगैरे नंतर, आधी मास्तर. मला मात्र गुरुजी म्हणजे श्यामची आई आणि डोळ्यांत पाणी, एवढंच ठाऊक होतं. मग रोज मेट्रोत थोडंथोडं वाचत गेलो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, कोकणातल्या पालगडचा. घर एकेकाळी खाऊनपिऊन सुखी, पण पुढे इतकी ओढाताण की शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असं फिरावं लागलं. पुण्यात शिकत असतानाच १९१७मध्ये आई गेली. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले आणि १९२४मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. पुढे तीच शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. शाळेच्या वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतली, पहिल्यांदाच घर सोडून आलेली मुलं तिथे असायची. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेली अंथरुणं घड्या घालून ठेवायचे. हे सगळं आपण ऐकलेलं असतं.

मी थबकलो ते पुढच्या गोष्टीवर. या मुलांसाठी गुरुजी एक दैनिक काढायचे. नाव छात्रालय. छापखाना नाही, काही नाही, सगळं हाताने लिहिलेलं. रात्री मुलं झोपली की हे लिहायला बसणार आणि सकाळी मुलांना ताजा अंक वाचायला मिळणार. त्यात गोष्टी, थोरांची चरित्रं, कविता, चार विचार, आणि वसतिगृहातल्या रोजच्या बारीकसारीक गोष्टीसुद्धा. दिवसभर शिकवून वर हे! मी आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट लिहायलाही कुरकुर करतो.

कथन कसं करायचं, वर्णन कसं, पत्र कसं, हे आम्हाला शाळेत मुद्दे घालून शिकवलं. मुद्दे पाठ झाले, लिहिता आलं नाही. गुरुजींच्या मुलांना रोज सकाळी लिहिलेलं समोर दिसायचं. तेही आपल्याच मास्तरांनी, आपल्यासाठी, आपल्याच खोलीबद्दल लिहिलेलं. माझ्या मते एवढा एक फरक पुरेसा आहे. १९२८च्या सुमारास त्यांनी विद्यार्थी नावाचं मासिकही काढलं.

१९३०मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. शिक्षकी अवघी सहा वर्षांची. नंतर तुरुंग, सुटका, परत तुरुंग. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. ती प्रवचनं जशीच्या तशी उतरवून घेणारे गुरुजीच. आज गीता प्रवचने हे पुस्तक आपल्या हातात आहे ते त्यामुळे. आणि १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, चार-पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहून काढलं. बेचाळीस रात्री. त्यात श्याम रोज रात्री मित्रांना आपल्या घरातली एक गोष्ट सांगतो. आंघोळ झालेल्या मुलाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून पदर पसरणारी आई कुठल्या गाईडात सापडणार? ती फक्त त्याच घरात होती.

इथे राहून मला विशेष वाटलं ते हे, की याच माणसाने इस्लामी संस्कृती नावाचं पुस्तकही लिहिलंय, पैगंबरांच्या चरित्रासकट. ऑफिसातल्या लाहोरच्या सहकाऱ्याला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना.

१५ ऑगस्ट १९४८ला त्यांनी साधना साप्ताहिक सुरू केलं. शेवटच्या काळात पुतणी सुधाला पत्रं लिहिली. पाऊस, फुलं, माणसं, देशातल्या घडामोडी, सगळं त्यात. ती सुंदर पत्रे या नावाने पुस्तकात आली. स्वातंत्र्यानंतरचं बरंच काही त्यांना सहन होत नव्हतं. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःहून जगाचा निरोप घेतला. वय पन्नास. लेकीने विचारलं, गुरुजी कशाने गेले? फार दुःखी होते, एवढंच सांगू शकलो. पुढचं ती मोठी झाल्यावर.

आता आमच्या फ्रिजवर रोज एक कागद लागतो. आधी आठवडाभर मीच लिहिला, कारण मी लिहिल्याशिवाय ती कशाला लिहील? माझं मराठी इतकं गंजलंय हे तेव्हा कळलं. मग एके दिवशी खाली तिच्या अक्षरात तीन ओळी आल्या. लिफ्ट बंद होती. सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात बसून केळं खाल्लं. आमच्या आजीला हा जिना चढता आला नसता.

फोटो काढून जळगावला पाठवला. आईने आधी जिना शब्दातली वेलांटी दुरुस्त करून पाठवली आणि मग दहा मिनिटांनी फोन केला. उद्याचा अंक पण पाठवा म्हणाली. सध्या तीन दिवस अंक निघालेला नाही, शाळेत युनिट टेस्ट चालू आहे.